पैसा १९२६ चा, मंडप १९४० चा: बॉस्टनच्या नदीकाठच्या हॅच शेलचं प्रकरण

नदीकाठच्या उद्यानात कायमस्वरूपी मंडप बांधण्याचा विषय निघतो तो बहुतेक वेळा पैशामुळे. एखादी देणगी येते, कुणाचं तरी स्मारक व्हायचं असतं, किंवा मंजूर निधी मुदतीत संपवायचा असतो. उद्यानाच्या नकाशावर हिरवळ रिकामी दिसते आणि तिथे काहीतरी उभं राहावं असं सगळ्यांनाच वाटू लागतं. मग वास्तुविशारद नेमला जातो, रंगीत चित्रं तयार होतात. मंडपात नेमकं काय होणार, कोण येणार, किती वेळा येणार, हे प्रश्न उद्घाटनानंतरच्या वर्षावर ढकलले जातात.

बॉस्टनमध्ये हा क्रम वेगळा होता. चार्ल्स नदीच्या काठावर एस्प्लनेड नावाचं लांबलचक उद्यान आहे. तिथे हॅच शेल हा अर्ध्या घुमटाच्या आकाराचा, समोरून पूर्ण उघडा संगीतमंडप आहे. त्यातला पहिला कार्यक्रम २ जुलै १९४० रोजी झाला. पण ज्या पैशातून तो बांधला, ते तीन लाख डॉलर १९२६ चे. मारिया हॅच यांनी आपले दिवंगत भाऊ एडवर्ड हॅच यांच्या स्मारकासाठी ते ठेवले होते. पैसा आणि मंडप यांच्यात चौदा वर्षं गेली. या काळात काठाची पुनर्रचना झाली, उघड्यावरच्या मोफत मैफली सुरू झाल्या, आणि याच कामासाठी आधीची दोन शेल उभी राहून गेली. या चौदा वर्षांना दिरंगाई म्हणणं सोपं आहे. माझ्या मते मंडपाचं खरं काम याच वर्षांत झालं, १९४० साली त्यावर पक्कं छत चढलं एवढंच. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

आधी नदी जागेवर आणावी लागली

आज चार्ल्स नदीचं बॉस्टनमधलं पात्र शांत तळ्यासारखं दिसतं. शिडाच्या होड्या, काठावरची झाडं, पाण्याची पातळी वर्षभर जवळपास तीच. विसावं शतक उजाडलं तेव्हा चित्र निराळं होतं. इथे खाडी होती. भरतीला समुद्राचं पाणी आत यायचं आणि ओहोटीला चिखलाचे मोठे पट्टे उघडे पडायचे. शहराचं सांडपाणी त्यातच येत असल्याने दुर्गंधी सुटायची. अशा काठावर मंडप बांधावा असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

१८९३ साली महानगर उद्यान आयोग स्थापन झाला. भूदृश्यरचनाकार चार्ल्स एलियट यांनी नदीच्या मुखाजवळ धरण बांधून खाडीचं गोड्या पाण्याच्या तळ्यात रूपांतर करावं हा विचार पुढे रेटला. बँकर जेम्स स्टॉरो यांनी त्यासाठी लोकमत तयार केलं. काठावरच्या बीकन स्ट्रीटच्या रहिवाशांचा विरोध होता; घरामागच्या पाण्यावर भराव पडेल आणि दृश्य जाईल ही त्यांची भीती होती. तरीही १९१० मध्ये धरण पूर्ण झालं, भरती-ओहोटी थांबली, आणि काठावर भराव घालून एक लांब फरसबंद पट्टा तयार झाला.

हा पट्टा लोकांनी फारसा आपलासा केला नाही. सावली नव्हती, बसायला आडोसा नव्हता, नदीवरचा वारा थेट अंगावर यायचा. काठ बांधून काढला म्हणजे उद्यान होतं असं नाही, हे पुढची अठरा वर्षं तिथे दिसत राहिलं. १९१५ च्या सुमारास कुणी याच पट्ट्यावर पक्का मंडप बांधला असता, तर तो उन्हावाऱ्यात ओसाड पडला असता असं मला ठामपणे वाटतं.

१९२८ साली हेलन स्टॉरो यांनी दिवंगत पतीच्या स्मरणार्थ दहा लाख डॉलर दिले आणि काठाच्या पुनर्रचनेला गती आली. आराखडा आर्थर शर्क्लिफ यांचा होता. त्यांनी भराव घालून काठ रुंद केला, मुख्य पात्रापासून अलग असं संथ पाण्याचं एक तळं काढलं, होड्यांचे धक्के बांधले, झाडं लावली, आणि संगीतासाठी एक लंबगोल हिरवळ मोकळी ठेवली. त्या हिरवळीला आजही ‘ओव्हल’ म्हणतात. १९३६ साली या नव्या काठाचं लोकार्पण झालं.

संगीताची जागा ही अशी उद्यानाच्या मूळ आखणीतूनच आली. झाडं, पायवाटा, पाणी आणि हिरवळ एकमेकांशी जुळवून बसवल्यावर तिच्या एका टोकाला मंडप आला. तयार उद्यानात मंडपासाठी कोपरा शोधण्याची वेळच आली नाही. आपण पाहतो त्या बहुतेक प्रस्तावांत हाच शोध सगळ्यात त्रासदायक ठरतो: झाडं कुठली पाडायची, वाट कुठून वळवायची, पाण्याकडची नजर कुणाची अडवायची.

कच्च्या मंडपाची अकरा वर्षं

आर्थर फिडलर बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रात १९१५ पासून वाजवत होते. तिकीट परवडत नाही म्हणून ज्यांना सिंफनी हॉलचा दरवाजा कधी ओलांडता येत नाही, त्यांच्यासाठी उघड्यावर, फुकट, चांगल्या दर्जाचं संगीत वाजवायचं ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी पैसे उभे केले, परवानग्या मिळवल्या, आणि ४ जुलै १९२९ रोजी एस्प्लनेडवर पहिली मैफल झाली. त्यासाठी एक तात्पुरतं लाकडी शेल उभारलं होतं. १९३० पासून फिडलर बॉस्टन पॉप्सचे, म्हणजे याच ऑर्केस्ट्राच्या हलक्याफुलक्या संगीताच्या वाद्यवृंदाचे, संचालक झाले आणि १९७९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या पदावर राहिले. नदीकाठच्या मैफलींमागे इतकी वर्षं तोच माणूस आणि तीच संस्था उभी होती. मंडपाच्या आयुष्यात याचं मोल किती, हे अंदाजपत्रकात कधी लिहिलं जात नाही.

१९३४ साली लाकडी शेलच्या जागी दुसरं, धातूचं शेल आलं. तेही पुढे गेलं आणि १९४० मध्ये आजचं पक्कं शेल उभं राहिलं. पक्क्या बांधकामाआधी ऑर्केस्ट्राने त्याच काठावर दोन वेगवेगळ्या मंडपांत अकरा उन्हाळे काढले होते.

तात्पुरत्या मंडपात काय काय कळतं, ते जरा तपशिलाने पाहायला हवं. श्रोते कोणत्या बाजूने येतात, कुठे बसतात, हिरवळ कुठे आधी तुडवली जाते. संध्याकाळचं ऊन वादकांच्या डोळ्यांवर येतं का. वारा कुठून येतो आणि स्वरलिपीची पानं कधी उडतात. दमट हवेत व्हायोलिनच्या तारा किती लवकर उतरतात आणि त्यासाठी वाद्यं ठेवायला बंदिस्त खोली कुठे हवी. पाऊस आला तर वाद्यं किती मिनिटांत आत नेता येतात. स्वच्छतागृहांसमोर मध्यंतरात किती रांग लागते. यातली एकही गोष्ट चित्रात दिसत नाही आणि यातली प्रत्येक गोष्ट काँक्रीट पडल्यावर बदलायला महाग पडते. लाकडी मंचाची जागा पुढच्या हंगामात दहा पावलं सरकवता येते.

लॉस एंजलीसच्या हॉलिवूड बोलचा इतिहास याच दिशेचा आहे. १९२२ साली सुरू झालेल्या त्या खुल्या रंगमंचावर विसाच्या दशकात एकामागून एक शेल उभारून पाहिली गेली. त्यातली १९२७ आणि १९२८ ची लॉइड राइट यांची. १९२९ साली जे शेल आलं ते मात्र थेट २००३ पर्यंत टिकलं. आधीच्या शेलांवर झालेला खर्च कुणाला वाया गेलेला वाटेल. मला तो पुढच्या सात दशकांचा पाया वाटतो.

अर्धा घुमट नेमकं करतो काय

आता मंडपाकडे येऊ. रचनाकार रिचर्ड शॉ. शैली आर्ट डेको: साधे, ठळक, वळणदार आकार आणि कोरीव नक्षीला फाटा. बाहेरून पाहिलं तर जमिनीतून वर आलेला अर्धा घुमट. समोरून पाहिलं तर एकात एक बसवलेल्या कमानी मागे मागे लहान होत जातात आणि आतल्या बाजूला लाकूड दिसतं. मंचाभोवतीच्या दगडी भिंतींवर संगीतकारांची नावं धातूच्या अक्षरांत लावलेली आहेत. श्रोत्यांवर छप्पर नाही आणि एकही पक्की खुर्ची नाही. समोर फक्त ओव्हल.

ध्वनीच्या बाजूने ही रचना समजून घ्यायला याच शहरातल्या दुसऱ्या वास्तूची मदत होते. १९०० साली सुरू झालेलं सिंफनी हॉल हे ध्वनिशास्त्राच्या गणिताच्या आधारे आखलेलं पहिलं मोठं संगीतगृह मानलं जातं. त्यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी सल्ला दिला होता. खोलीचं घनफळ आणि आतल्या पृष्ठभागांनी शोषलेला ध्वनी यांवरून आवाज किती वेळ घुमत राहील ते काढता येतं, हे त्यांचं सूत्र. पण हे सूत्र चार भिंती आणि छत असेल तिथलं. उघड्यावर आवाज घुमतच नाही. वाजवलेला स्वर पुढे जातो आणि परत येत नाही.

शिवाय अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. दहा मीटरवर जो आवाज भरपूर वाटतो, तो ऐंशी मीटरवर १८ डेसिबलने खाली आलेला असतो, आणि तिथे शेजारच्याचं बोलणं, वारा आणि रस्त्याची घरघर त्याच्याशी स्पर्धा करू लागतात. शेल इथे मदतीला येतं ते दोन प्रकारे. मागे आणि वर वाया जाणारा ध्वनी ते पुढे वळवतं. आणि वादकांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो, जे सपाट उघड्या मंचावर फार अवघड असतं. दुसरा फायदा श्रोत्यांना दिसत नाही, पण वादकांना विचारलं तर ते तो आधी सांगतील. शेवटच्या ओळीतल्या तालवाद्याला पहिल्या ओळीतलं व्हायोलिन ऐकू आलं नाही तर मैफल केवळ संचालकाच्या हाताकडे बघून पार पाडावी लागते.

अर्धघुमटाचा एक उपजत दोषही आहे. आतून वाटोळा पृष्ठभाग ध्वनी एका ठिकाणी गोळा करतो. त्यामुळे मंचावरच्या काही जागी आवाज अवाजवी मोठा होतो आणि काही जागा कोरड्या राहतात. गुळगुळीत, एकसंध काँक्रीटच्या घुमटात हा त्रास जास्त. पृष्ठभाग तोडला, पायऱ्या किंवा फळ्या दिल्या, तर ध्वनी थोडा विखुरतो. मंडपाचा आकार चित्रात सुंदर दिसतो म्हणून निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: घुमट डोळ्यांना आवडतो तितका कानांना आवडेलच असं नाही, आणि दुरुस्ती आतल्या बाजूने करावी लागते.

पक्क्या खुर्च्या नाहीत हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा वाटतो. खुर्च्या आल्या की जागेला आसनसंख्या येते, आसनसंख्या आली की कुंपण येतं, कुंपणामागून तिकीट येतं, आणि कार्यक्रम नसलेल्या तीनशे दिवशी ती जागा कुलपात जाते. ओव्हलवर कार्यक्रम नसेल तेव्हा मुलं खेळतात, लोक पालथे पडून वाचतात. कार्यक्रम असेल तेव्हा सतरंज्या पसरल्या जातात आणि घडीच्या खुर्च्या उघडतात. मोठ्या कार्यक्रमाला नदीत होड्याही नांगर टाकून उभ्या राहतात. पाण्यावरचा हा श्रोता कुठल्याही आसनव्यवस्थेत बसला नसता.

जे लिहून ठेवलं नाही ते गेलं

या प्रकरणाचा दुखरा भाग रस्त्याचा आहे. काठाच्या पुनर्रचनेच्या मूळ प्रस्तावात नदीलगत मोटाररस्ताही होता. विरोध झाला, हेलन स्टॉरो स्वतः त्याच्या विरोधात होत्या, आणि १९२९ मध्ये रस्ता वगळून काम मंजूर झालं. त्या १९४४ साली वारल्या. १९४९ मध्ये विधिमंडळाने त्याच काठावरून महामार्ग नेण्याला मंजुरी दिली आणि १९५१ मध्ये तो सुरू झाला. नाव दिलं स्टॉरो ड्राइव्ह.

ज्या कुटुंबाने काठ लोकांसाठी मोकळा केला, त्याच कुटुंबाच्या नावाने काठ आणि शहर यांच्यामध्ये वाहनांचा प्रवाह आला. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. हॅच शेल तेव्हा दहा-अकरा वर्षांचं होतं आणि लोकप्रिय होतं, तरी रस्ता अडला नाही. लोकप्रियता हे जमिनीला संरक्षण नसतं.

रस्त्याच्या बदल्यात नदीत आणखी भराव घालून नवी बेटं आणि तळी करून दिली गेली. ते कामही शर्क्लिफ आणि त्यांच्या मुलाच्या हातून झालं. उद्यानाचं क्षेत्र आकड्यांत भरून निघालं. पण मंडपाकडे येणारा माणूस आता रस्ता ओलांडून येतो, त्यासाठी पादचारी पूल बांधावे लागले. शेलजवळच्या पुलाला फिडलर यांचं नाव आहे. आणि हळुवार संगीताच्या मागे गाड्यांचा अखंड आवाज कायमचा बसला. ध्वनिरचनेवर कितीही विचार केला तरी शेजारी काय येणार हे मंडपाच्या हातात नसतं.

कायद्याची बाजू मॅसॅच्युसेट्समध्ये नंतर भक्कम झाली. १९७२ साली राज्यघटनेत आलेल्या कलम ९७ नुसार उद्यानाची जमीन दुसऱ्या वापराला द्यायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तीही नोंदवलेली. २०२२ च्या कायद्याने त्यात बदली जमीन देण्याची अट घातली. १९४९ मध्ये अशी तरतूद असती तर रस्ता झालाच नसता असं मी म्हणणार नाही, पण तो इतक्या सहज झाला नसता.

कायदा फार कडक असला की काय होतं, याचं उदाहरण शिकागोत आहे. तिथे नदी नसून तलावाचा काठ आहे, पण प्रश्न तोच. १८३६ च्या एका नकाशावर तिथल्या काठाच्या जमिनीबद्दल लिहून ठेवलं होतं की ती कायम मोकळी राहील, तिथे कोणतीही इमारत येणार नाही. व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी त्या एका ओळीच्या आधारे १८९० पासून वीस वर्षं खटले लढवले आणि ग्रँट पार्क मोकळं राखलं. पुढे ग्रँट पार्कच्याच एका भागात झालेल्या मिलेनियम पार्कमध्ये वास्तुविशारद फ्रँक गेरी यांचा प्रित्झकर संगीतमंडप आला तेव्हा त्याची उंची या बंधनात बसत नव्हती. मग त्याला इमारत न म्हणता कलाकृती ठरवून वाट काढली गेली. मंडप देखणा आहे आणि लोकांनी तो मनापासून स्वीकारला आहे. पण मला ही वाट आवडत नाही. पुढच्या प्रत्येक बांधकामाला ‘हीसुद्धा कलाकृतीच’ म्हणायची सोय तिने करून ठेवली. अपवाद करायचा तर तो अपवाद म्हणून, उघडपणे, मत घेऊन करावा.

शिकागोच्या मंडपात पैशाचा धडाही आहे. मिलेनियम पार्क २००० साली पूर्ण व्हायचं होतं. उघडलं २००४ मध्ये. सुरुवातीचा अंदाज १५ कोटी डॉलरचा होता, शेवटचा खर्च सुमारे ४७.५ कोटींवर गेला. त्यातला एकटा संगीतमंडपच सुमारे ६ कोटींचा. तिथे सुमारे ४,००० पक्क्या खुर्च्या आहेत आणि मागे ७,००० लोकांची हिरवळ. त्या हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी उभारून तिच्यातून ध्वनिक्षेपक लटकवले आहेत, म्हणजे खांब मध्ये येत नाहीत आणि आवाज सगळीकडे सारखा पोचतो. तंत्र म्हणून ते उत्तम आहे. पण बॉस्टनच्या शेलची देखभाल एखाद्या उद्यान विभागाला झेपते. अशी जाळी बांधली की तिच्यासाठी कायमचा तंत्रज्ञांचा ताफा आणि तितकाच कायमचा निधी लागतो. देणगीदार बांधकामाला पैसे देतो, जाळीच्या विसाव्या वर्षीच्या रंगाला क्वचितच देतो.

चार लाख माणसं

१९७४ साली स्थानिक उद्योजक डेव्हिड मुगर यांच्या सूचनेवरून फिडलर यांनी ४ जुलैच्या मैफलीचा शेवट चायकॉव्हस्कीच्या ‘१८१२’ या रचनेने केला. सोबत खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि आतषबाजी. दोन वर्षांनी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, त्याच ठिकाणी सुमारे चार लाख लोक जमले. शास्त्रीय संगीताच्या मैफलीला जमलेला सगळ्यात मोठा समुदाय म्हणून गिनेसने त्याची नोंद घेतली.

चार लाखांसाठी १९४० साली कुणी मंडप आखला असता तर तो राक्षसी झाला असता आणि उरलेले ३६४ दिवस खायला उठला असता. हॅच शेलने तो दिवस निभावला, कारण त्याने श्रोत्यांच्या जागेला सीमाच घातली नव्हती. गर्दी ओव्हलवरून काठाने पुढे पसरली, पुलांवर गेली, नदीच्या पलीकडच्या काठावर गेली. इतक्या अंतरावर शेलच्या परावर्तनाचा उपयोग नसतो; तिथे ध्वनिक्षेपक लागतात, आणि तेही वेळेचा हिशेब करून. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ३४० मीटरवरच्या श्रोत्याला वीजतारेतून आलेला स्वर जवळच्या कर्ण्यातून लगेच आणि मंचावरचा स्वर एक सेकंदाने ऐकू येईल. म्हणून लांबच्या कर्ण्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात. ही सगळी सामग्री त्या दिवसापुरती येते आणि जाते. पक्कं राहिलं ते शेल आणि हिरवळ. रोजच्या गरजेपुरतं पक्कं आणि वर्षातल्या एका दिवसासाठी तात्पुरतं, ही विभागणी मला अतिशय योग्य वाटते.

वरच्या पाणथळ जमिनी

शेवटी पुन्हा नदीकडे यावं लागतं. कारण काठावरच्या मंडपाचं आयुष्य पाणी ठरवतं, आणि या बाबतीत बॉस्टनने जे केलं ते मंडपाच्या चर्चेत सहसा येतच नाही.

१९१० च्या धरणाने भरती रोखली, पण मोठ्या पावसात वरून आलेलं पाणी समुद्रात भरती असताना बाहेर कसं टाकायचं हा प्रश्न राहिला. दरवाजे उघडले तर समुद्र आत, बंद ठेवले तर नदी वर चढणार. ऑगस्ट १९५५ मध्ये डायन चक्रीवादळाच्या पावसाने याची जाणीव करून दिली. १९७८ मध्ये जुन्या धरणाच्या खाली, समुद्राच्या बाजूला, नवं धरण सुरू झालं. त्यात सहा प्रचंड पंप आहेत. भरती असली तरी ते नदीचं पाणी उपसून बंदरात टाकतात. तळ्याची पातळी त्यामुळे आटोक्यात राहते.

याहून महत्त्वाचं काम नदीच्या वरच्या भागात झालं. लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने पाहिलं की वरच्या खोऱ्यातल्या पाणथळ जमिनी पावसाचं पाणी अडवून ठेवतात आणि ते हळूहळू सोडतात. त्या जमिनींवर बांधकामं झाली तर पुराचा सगळा लोंढा एकदम खाली येईल. नव्या भिंती बांधण्याऐवजी त्यांनी सुमारे ८,००० एकर पाणथळ जमीन विकत घेऊन किंवा तिच्यावर बांधकामबंदीचे हक्क मिळवून राखून ठेवली. १९७४ साली मंजुरी मिळालेलं हे काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं.

मंडपाच्या पायापासून कित्येक किलोमीटर दूर असलेली ही दलदल हॅच शेलचं खरं संरक्षण आहे. नदीकाठी पक्कं बांधकाम सुचवणाऱ्या अहवालात जोत्याची उंची, पाइल (जमिनीत रोवलेले पायाचे खांब) किती खोल, काँक्रीटची प्रत हे सगळं असतं. वरच्या खोऱ्यात पुढच्या तीस वर्षांत काय बांधलं जाणार, हे एका ओळीतही नसतं. जोतं आजच्या पूररेषेच्या वर घेतलं आणि वरचं खोरं भराव घालून बांधून काढलं, तर पूररेषाच वर सरकते. मग मंडप पाण्यात जातो आणि दोष पावसाला दिला जातो.

जिथे नदीची पातळी अशी बांधलेली नाही, तिथे मंडपाने वेगळं वागायला हवं. पूर येणार हे गृहीत धरून बांधावं. भिंती कमी, खांब जास्त, प्रवाहाच्या दिशेला समांतर; जमीन धुता येईल अशी; विजेचे फलक आणि ध्वनियंत्रणा वर किंवा उचलून नेता येण्यासारखी; साठवणीच्या खोल्या पूररेषेबाहेर. आणि जिथे प्रवाहाच्या मुख्य वाटेत बांधावं लागणार असेल, तिथे बांधूच नये. हंगामापुरता मंच लावावा आणि पावसाआधी काढून न्यावा. तो मंच कमी प्रतिष्ठेचा मानण्याचं काही कारण नाही. एस्प्लनेडवर अकरा वर्षं त्यानेच काम केलं.

आज हॅच शेल राज्याच्या संवर्धन व मनोरंजन विभागाकडे आहे. पूर्वी ते महानगर जिल्हा आयोगाकडे होतं. २००३ मध्ये तो आयोग या विभागात विलीन झाला. २००१ साली स्थापन झालेली एस्प्लनेड असोसिएशन ही नागरिकांची संस्था सुमारे ६४ एकरांच्या या उद्यानासाठी देणग्या आणि स्वयंसेवक उभे करते. त्याच वर्षी सुरू झालेला बॉस्टन लँडमार्क्स ऑर्केस्ट्रा उन्हाळ्यात इथे मोफत मैफली करतो. १९९१ मध्ये शेलची मोठी डागडुजी झाली. म्हणजे या मंडपाला बांधणारा एक, सांभाळणारा एक, पैसे जमवणारा एक आणि वाजवणारे अनेक, अशी माणसं मिळत राहिली आहेत. नव्या मंडपाच्या प्रस्तावावर सही करण्याआधी या चार रकान्यांत कुणाची नावं आहेत ते पाहावं. पहिला रकाना भरलेला आणि बाकी तीन रिकामे असतील, तर पैसे बँकेत ठेवून पुढच्या हंगामासाठी लाकडी मंच मागवावा, हिरवळीच्या देखभालीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावी, आणि कोण वाजवायला येतं ते पाहावं.